रात्रीच्या शेवेची उपकारस्तुती

"ताई, प्रार्थना करते, उपास धरते, तरी तोंडावर ताबा नाही. मी कसली ख्रिस्ती?" खाण्याची तक्रार घेऊन माझ्याकडे धुळे, नंदुरबार, भुसावळ, कुठूनही माणूस येवो, पहिल्या पाच मिनिटांत हे वाक्य येतंच. लेंट, म्हणजे ईस्टरआधीचा उपासकाळ, संपला की जरा जास्तच. चाळीस दिवस कडक पाळलेले असतात आणि ईस्टरच्या आठवड्यात सगळं व्याजासकट वसूल झालेलं असतं.

त्यातल्या एका पाळकीणबाईंची, म्हणजे चर्चच्या पाळकांच्या (धर्मगुरूंच्या) पत्नीची, गोष्ट सांगते. त्यांची परवानगी आहे, ओळखू येईल असं सगळं बदललंय.

वय पन्नासच्या आतबाहेर. "सलाम ताई" म्हणून बसल्या आणि थेट बायबलमधलं गलतीकरांस पत्र, पाचवा अध्याय. "आत्म्याच्या फळात इंद्रियदमन आहे. माझ्यात ते नाही. म्हणजे आत्माच नाही का?"

मी म्हटलं, "त्याचं नंतर बघू. काल दिवसभरात काय खाल्लंत?"

सकाळी चहा-टोस्ट. दुपारी पाहुणे आले, त्यांना वाढता वाढता जेवण राहिलं. संध्याकाळी एका घरी प्रार्थनासभा, तिथे चिवडा पुढे आला तर "नको, नको". रात्री सगळ्यांना वाढून "मला भूक नाही". मग साडेअकराला, पाळक झोपल्यावर, स्वयंपाकघर. लाइट न लावता. शेवभाजीच्या शेवेचा डबा पोटाशी घट्ट धरून, झाकणावर पदर टाकून त्या ते उघडायच्या, म्हणजे स्टीलचा आवाज होत नाही. ओट्याला टेकून उभ्या उभ्या अर्धा डबा. वर उरलेली भाकरी, भाताची खरवड, जे असेल ते. मग गुडघ्यावर बसून रडत क्षमा मागायची आणि शिक्षा म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा उपास.

दिवसभर उपाशी ठेवलेलं शरीर रात्री हक्क मागणारच. यात सैतानाचा हात शोधायची मला तरी गरज वाटत नाही. बायबलमधला संदेष्टा एलीया रतामाच्या झुडपाखाली मरण मागत पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई दिली. तो खाऊन झोपला, तर उठवून पुन्हा खायला घातलं. देव त्याच्याशी बोलला तो नंतर, होरेब डोंगरावर. १ राजे, अध्याय १९. माझं सगळं काम मी या क्रमाने करते. काही पाळकांना ते फार ऐहिक वाटतं. वाटू दे.

दोन आठवडे मी त्यांना पापाचा विषयच काढू दिला नाही. कामं दोनच दिली: दुपारी एकला, पाहुणे असले तरी त्यांच्या पंगतीला बसून जेवायचं आणि शिक्षेचा उपास बंद. रात्रीचं खाणं निम्म्यावर आलं. उरलेलं निम्मं मात्र भुकेचं नव्हतं.

थोडं त्यांच्या पणजीचं होतं. १८९९-१९०० च्या दुष्काळात ती मिशनच्या आश्रमात वाढलेली. "अन्न टाकायचं नाही" ही त्या घराची अकरावी आज्ञाच. मी त्यांना मान्ना, म्हणजे रानात देवाने इस्राएलांना रोज दिलेलं अन्न, आठवून दिला: सकाळपर्यंत ठेवलेल्या मान्नात किडे पडले. उरलेलं उकिरड्यावर न टाकता स्वतःच्या पोटात टाकलं, तरी ते टाकणंच झालं ना? हे त्यांना पटलं, पण पटल्याने डबा सुटला नाही.

पाचव्या भेटीत मी सहज विचारलं, "वहिनी, जेवणाआधी उपकारस्तुती करता?"

"म्हणजे काय! नेहमी."

"रात्रीच्या शेवेची करता?"

आधी त्या खळखळून हसल्या. मग पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "त्या वेळी देव तिथे नसतोच, ताई. मी त्याला बाहेरच्या खोलीत ठेवून आत जाते."

इतक्या वर्षांच्या कामात इतकं नेमकं वाक्य मी क्वचित ऐकलंय. त्यांचा झगडा शेवेशी नव्हता. दिवसभर सगळ्या मंडळीचे डोळे अंगावर, म्हणून चारचौघांत एक घास. कुणाचे डोळे नसलेली ती एकच जागा होती आणि तिथे देवालाही मज्जाव होता.

'इंद्रियदमन' या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. दमन म्हटलं की हातात चाबूक दिसतो. मूळ ग्रीक शब्द एन्क्रातेइया, त्यात 'क्रातोस' म्हणजे बळ, आतलं बळ. ते पत्र लिहिणारा पौल त्याला फळ म्हणतो आणि फळ फांदीला धरतं. केळीच्या मुलखात हे वेगळं सांगायला नको: घडाला दटावून तो भरत नाही, पाणी बुंध्याला द्यावं लागतं.

मग ठरलं. रात्री खावंसं वाटलं तर खायचं, पण लाइट लावून, ताटलीत वाढून, बसून आणि उपकारस्तुती करून. "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" एवढी एक ओळ पुरे. डबा जागेवरच राहील. पहिल्या रात्री प्रार्थना करून त्या नुसत्याच बसून राहिल्या. दुसऱ्या रात्री मूठभर खाल्ली. तिसऱ्या रात्री उजेड बघून पाळक उठून आले, काही न विचारता समोर बसले आणि म्हणाले, "मलाही वाढ थोडी."

सगळ्यांचं एवढ्यावर भागत नाही. तीन महिने, आठवड्यातून एकदा तरी, ताबा सुटून भराभर खूप खाल्लं जात असेल तर ते आजारपणात मोडतं. २०१३ पासून त्याची स्वतंत्र आजार म्हणून नोंद आहे. खाऊन मुद्दाम उलटी काढत असाल तर मनोविकारतज्ज्ञांना लगेच भेटा. साखर, थायरॉइडही तपासून घ्या. डॉक्टरकडे जाणं हा अविश्वास नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्यच होता.

नाताळानंतर बाईंचा फोन आला. "ताई, करंज्यांनी हरवलं. चार दिवस हातातून गेले. आता गुडघ्यावर बसू का?"

"दुपारचं जेवलात?"

"नाही. घरात माणसं होती."

"आज काय केलंय?"

"कळण्याची भाकरी अन् ठेचा."

"मग फोन ठेवा. आधी जेवून घ्या."