लॉरिन हिल एका अल्बमवर रातोरात मोठी झाली का?

नाही, १९९८ च्या त्या सोलो अल्बमआधी या अमेरिकन गायिका-रॅपरची जवळपास दहा वर्षं गेली होती. नुसत्या तारखा लावून बघा. जन्म १९७५ चा, बालपण न्यू जर्सीतल्या साउथ ऑरेंजमध्ये. तेराव्या वर्षी हार्लेमच्या अपोलो थिएटरात हौशी कलाकारांच्या स्पर्धेत उतरली, तर माइकपासून लांब उभी राहिल्यामुळे आवाज पोचेना आणि प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. गाणं मात्र तिने पूर्ण केलं. शाळेत असतानाच प्रास मिशेल आणि वायक्लिफ जाँबरोबर फ्यूजीज हे हिप-हॉप त्रिकूट जमलं. १९९३ मध्ये ‘सिस्टर ॲक्ट २’ या चित्रपटात झळकली. १९९४ चा फ्यूजीजचा पहिला अल्बम अमेरिकेत चाललाच नाही. १९९६ च्या दुसऱ्या अल्बमने, ‘द स्कोर’ने, मात्र धुमाकूळ घातला. त्यात ती रॅपही करते आणि गातेही, दोन्ही तितक्याच सहज, आणि माझ्या मते खरी चुणूक तिथेच दिसते. मग तो सोलो अल्बम, ‘द मिसएज्युकेशन ऑफ लॉरिन हिल’, आणि १९९९ मध्ये एका रात्रीत पाच ग्रॅमी.

एक मात्र आहे: तो अल्बम एकटीचा म्हणून गाजला, पण त्यावर काम केलेल्या काही संगीतकारांनी श्रेयासाठी दावा लावला होता. २००१ मध्ये तो कोर्टाबाहेर मिटला.