1865 ची गोष्ट, 1873 चं रिव्हॉल्व्हर

प्रश्न : आमचा गट मसाई पठारावर काऊबॉयपटाच्या धाटणीचा लघुपट करतोय. काळ 1865, अमेरिकेतलं गृहयुद्ध नुकतंच संपलेलं. नायकासाठी कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मीची लाकडी प्रतिकृती करून घ्यावी का? — एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : नको. ते रिव्हॉल्व्हर 1873 चं. सिनेमांनी ते कुठल्याही सालात वापरलं, म्हणून आपल्या डोळ्यांत तेच बसलंय. तुम्ही 1860 चं कोल्ट आर्मी करून घ्या. सुताराला नीट सांगा : सिलिंडरच्या, म्हणजे गोळ्या भरायच्या फिरत्या भागाच्या, डोक्यावर पट्टी नको, तिथं उघडंच हवं. नळी 8 इंची, तिच्याखाली गोळी ठासायचा दांडा आणि सिलिंडरच्या मागं टोप्या (घोड्याच्या ठोक्यानं ठिणगी देणाऱ्या छोट्या धातूच्या वाट्या) बसवायला सहा निपल, म्हणजे बारीक नळ्या.

पट्ट्यात ओळीनं खोचलेली पितळी काडतुसंही काढून टाका. मागून काडतूस सरकवता येईल अशा आरपार भोकांच्या सिलिंडरचं पेटंट 1869 पर्यंत स्मिथ अँड वेसन या दुसऱ्या कंपनीच्या हाती होतं, त्यामुळं कोल्टचं रिव्हॉल्व्हर समोरूनच भरावं लागे. घोडा अर्धा ओढायचा, सिलिंडरच्या प्रत्येक घरात 25 ते 30 ग्रेन दारू, म्हणजे जेमतेम दोन ग्रॅम, वर शिशाची गोळी, ती दांड्यानं ठासायची, शेवटी मागं टोपी. गोळीवर चरबी लावत, नाहीतर ठिणगी शेजारच्या घरात शिरून दोन-तीन बार एकदम उडण्याची भीती. एवढा खटाटोप ऐन चकमकीत कोण करणार? दुसरं भरलेलं रिव्हॉल्व्हर जवळ असलेलं बरं. फुटलेल्या टोपीचा तुकडा आत पडून सिलिंडर अडकणं ही त्या काळची खरी डोकेदुखी. प्रसंगात ताण हवा असेल तर हीच अडचण दाखवा, फार जिवंत वाटेल.

धूरही विसरू नका. बिनधुराची दारू आली 1884 मध्ये. त्याआधी प्रत्येक बाराला पांढऱ्या धुराचा लोट उठायचा. पठारावरच्या वाऱ्यात मशिनचा धूर टिकणार नाही, तेव्हा बाराचे जवळचे शॉट आडोशाला घ्या. आणि प्रतिकृती लाकडी असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात आधी कळवा.

प्रश्न : पडद्यावर विंचेस्टर 1873 म्हणून दिसणारी रायफल खरंच तीच असते का? — एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : पुष्कळदा ती 1892 ची असते. मधल्या लोखंडी भागाची बाजू बघा. 1873 च्या रायफलीवर तिथं वेगळी बसवलेली पत्री दिसते आणि वर सरकतं झाकण असतं. 1892 ची बाजू सपाट, एकसंध.