मॉल कुठे भरतो, कुठे ओस पडतो : वाचकांचे प्रश्न

पुण्यात विमाननगरचा फिनिक्स मार्केटसिटी आणि हडपसरचा अमनोरा, दोन्ही मॉल २०११ मध्ये सुरू झाले. तोवर मोठी खरेदी म्हणजे लक्ष्मी रस्ता नाहीतर कॅम्प. मग एवढे मोठे मॉल थेट उपनगरातच का उभे राहिले? (एक वाचक, वडगाव शेरी)

पहिलं कारण जमीन. फिनिक्समध्ये भाड्याने द्यायची जागाच सुमारे १२ लाख चौरस फूट आहे. शिवाय हजारो गाड्यांचं पार्किंग, मालाच्या ट्रकसाठी मागची वाट, एसीचं पाणी थंड करणारे चिलर, जनरेटर, आग विझवण्याच्या पाण्याच्या टाक्या. एवढी सलग, एकाच मालकीची, रुंद रस्त्याला लागलेली जमीन पेठांत नाही आणि कॅम्पात कँटोन्मेंटचे बांधकामाचे निर्बंध आड येतात. नगर रस्त्यावर ती मिळाली, आणि गिऱ्हाईकही तिथेच राहायला आलं होतं. लोहगाव विमानतळ, कल्याणीनगरची वस्ती, खराडीतली आयटी कार्यालयं या सगळ्यांना विमाननगर जवळचं, लक्ष्मी रस्ता लांबचा.

हडपसरची गोष्ट आणखी महत्त्वाची आहे. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जवळपास ४०० एकर जमीन विकून न टाकता एकत्र आणली आणि स्वतःच शहर वसवलं. घरं आणि कार्यालयं आधी आली, दुकानं नंतर. सीझन्स मॉल तिथे २०१३ मध्ये उघडला, तोही अमनोराच्या अगदी समोर. समोरासमोरचे दोन मॉल एकमेकांना खातात असं वाटतं, पण कपडे आणि चपलांच्या बाबतीत ते एकमेकांचं गिऱ्हाईक वाढवतात. एकाच गल्लीत सराफांची पंधरा दुकानं चालतात, तसंच हे.

दुसरं कारण पैसा आणि ब्रँड. फिनिक्स मिल्स ही मुळात १९०५ सालची कापड गिरणी. मुंबईत लोअर परळला गिरणीच्या जागेवर हाय स्ट्रीट फिनिक्स उभा करून कंपनी या धंद्यात मुरली, मग पुण्यात आली. एका ब्रँडच्या दुकानांत ५१ टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणुकीला केंद्राने २००६ मध्ये परवानगी दिली आणि २०१२ मध्ये ती १०० टक्क्यांवर नेली. या ब्रँडना हजारो चौरस फुटांचा, मधे कमीत कमी खांब असलेला मजला लागतो. जुन्या बाजारपेठेतल्या वाड्यात तो मिळत नाही. पुढे हिंजवडीच्या नोकरदारांनी वाकड-बाणेर भरलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये वाकडला याच कंपनीचा फिनिक्स मॉल ऑफ द मिलेनियम सुरू झाला. त्यात कॅनडाच्या पेन्शन फंडाची भागीदारी आहे.

आमच्या भागात वीस वर्षांपूर्वी एक मॉल झाला. वरचे दोन मजले कायम बंद, सरकते जिने थांबलेले. मोठे मॉल मात्र वाढतच आहेत. हा फरक कशामुळे? (एक वाचक, कोथरूड)

बहुतेक ठिकाणी उत्तर बांधकामाच्या पहिल्या वर्षातच सापडतं: गाळे विकले होते की भाड्याने दिले होते?

बिल्डरने गाळे विकले की त्याचे पैसे लगेच सुटतात. पण मग ८० गाळ्यांचे ८० मालक. एकाने मोबाइल रिपेअरिंगला दिला, शेजारच्याने क्लासला, तिसऱ्याने भाव वाढेल म्हणून कुलूप लावून ठेवला. कोणत्या मजल्यावर काय असावं हे ठरवणारं कोणीच उरत नाही. त्यातून घसरण ठरलेल्या क्रमाने होते. वरच्या मजल्यावरची दोन-तीन दुकानं बंद पडतात, त्यांचे मालक देखभालीचा हप्ता थकवतात, संस्थेकडे वीजबिलाला पैसे कमी पडतात, आधी एसी आणि मग जिने बंद होतात. जिना बंद झाला की वर जाणारं उरलंसुरलं गिऱ्हाईकही थांबतं. अशा इमारतीत पुन्हा जीव आणायचा तर बहुसंख्य मालकांना एकत्र आणून सगळे गाळे एकाच चालकाला भाड्याने द्यावे लागतात. ते फार थोड्यांना जमतं, कारण तळमजल्याच्या मालकाला वरच्यांइतका दर मान्य नसतो.

चालणाऱ्या मोठ्या मॉलमध्ये सगळी जागा एकाच हातात असते. म्हणून तो चालक तोट्याचे वाटणारे निर्णय घेऊ शकतो. मोठ्या दुकानाला, म्हणजे अँकरला, छोट्या गाळ्याच्या दराच्या कितीतरी खाली जागा देतो, कारण माणसं त्याच्यासाठी येतात. दोन अँकर दोन टोकांना ठेवले की मधल्या गाळ्यांसमोरून वर्दळ राहते. थिएटर आणि फूड कोर्ट सर्वांत वर नेतात, म्हणजे माणूस प्रत्येक मजला पाहत वर जातो. किराणा तळघरात, पार्किंगला लागून, आणि तिथे जिन्याऐवजी १० ते १२ अंश चढाचा सरकता पट्टा, कारण ३० अंशाच्या जिन्यावर ट्रॉली चढत नाही. न चालणारं दुकान करार संपताच बदलतात. चांगल्या मॉलचे नकाशे दर दोन-तीन वर्षांनी बदललेले दिसतात ते यामुळे.

भाड्याचं नियमित उत्पन्न असलं की त्यावर मोठं भांडवलही उभं राहतं. औंधचा वेस्टएंड मॉल ज्या नेक्सस सिलेक्ट ट्रस्टमध्ये आहे तो मे २०२३ मध्ये शेअर बाजारात आला. मॉलच्या भाड्यावर उभा असा भारतातला तो पहिला ट्रस्ट. विकलेल्या गाळ्यांच्या मॉलला हा मार्ग बंदच असतो.

चटण्या, लोणची, दिवाळीचा फराळ असा माझा उद्योग आहे. मॉलमध्ये ४०० चौरस फुटांचा गाळा मिळतो आहे. घ्यावा का? (एक वाचक, हडपसर)

आधी ते ४०० फूट कोणते ते विचारा. मॉलचं भाडं 'लीजेबल' क्षेत्रावर लागतं, त्यात पॅसेज आणि जिन्यांचा वाटा धरलेला असतो. चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा, साठ टक्के असेल तर हातात २४० फूटच येतात. करारात चटई क्षेत्र लिहून घ्या आणि टेप लावून मोजा.

आता हिशेब. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घालून पाहा. किमान भाडं फुटाला २०० रुपये, म्हणजे महिना ८०,०००. सामायिक देखभाल, ज्याला मॉलवाले 'कॅम' म्हणतात, ५० रुपये दराने २०,०००. वीज १५,०००. झाले १,१५,०००. भाडं आणि कॅमवर १८ टक्के जीएसटी वेगळा. तुम्ही छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर त्याची वजावट मिळत नाही, तो खर्चातच धरा. जागेचा खर्च विक्रीच्या वीस टक्क्यांच्या आत ठेवायचा तर महिन्याला पावणेसहा लाखांची विक्री हवी. रोजचे साधारण १९,०००. सरासरी बिल ३५० रुपये असेल तर रोज ५५ बिलं. मॉल सकाळी अकरा ते रात्री दहा, आठवड्याचे सातही दिवस. सुट्या धरून तीन माणसं लागतात, दोघांत भागत नाही.

करारात बहुधा 'किमान भाडं किंवा विक्रीचा वाटा, जे जास्त असेल ते' असं असतं. वाटा १५ टक्के असेल तर सव्वापाच लाखांच्या जरा पुढे गेलात की भाडं वाढू लागेल. म्हणून 'निव्वळ विक्री'ची व्याख्या नीट वाचा: जीएसटी आणि परत आलेला माल वजा व्हायला हवा, आणि फोनवर घेतलेली, घरून पाठवलेली ऑर्डर त्यात धरलेली नसावी. फराळाच्या धंद्यात हे कलम फार महागात पडतं.

गाळा उघडा, म्हणजे आतलं काम न केलेला मिळतो. एसीसाठीचं थंड पाणी मॉल आणून देतो, पण तुमच्या गाळ्यातलं एसीचं यंत्र आणि डक्ट तुमच्या खर्चाने. छताची उंची बदलली की आग विझवणारे छतातले फवारे, म्हणजे स्प्रिंकलर, हलवावे लागतात, तेही बहुधा मॉलने नेमलेल्या ठेकेदाराकडूनच. काम रात्री मॉल बंद झाल्यावर चालतं, म्हणून मजुरी चढते. या कामासाठी भाडेमाफीचे किती दिवस मिळतात ते लिहून घ्या आणि ते नकाशा मंजूर झाल्यापासून मोजले जावेत असा आग्रह धरा. नाहीतर निम्मे दिवस मंजुरीतच जातात. अनामत आणि लॉक-इन, म्हणजे गाळा सोडता न येण्याचा काळ, दोन्ही पाहा. तुम्ही मधेच सोडलं तर उरलेल्या लॉक-इनचं भाडं द्यावं लागतं. ६० महिन्यांपर्यंतच्या लिव्ह अँड लायसन्सवर महाराष्ट्रात ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क आहे आणि नोंदणी सक्तीची आहे.

सही करण्याआधी मंगळवारी दुपारी आणि शनिवारी संध्याकाळी त्या गाळ्यासमोर पंधरा-पंधरा मिनिटं उभ्या राहा. किती माणसं गेली ते मोजा, आणि त्यांतल्या किती जणांच्या हातात पिशवी होती तेही.

आमचं मत विचाराल तर पहिल्यांदा गाळा घेऊच नका. गणपती ते दिवाळी या काळापुरता पॅसेजमधला कियॉस्क, म्हणजे छोटा स्टॉल, घ्या. भाडं ठरावीक, फर्निचर हलवता येणारं, आणि रोज ५५ बिलं होतात का ते तिथेच कळेल. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, परवाना किंवा नोंदणी कियॉस्कलाही लागते.

शनिवारी संध्याकाळी मॉलच्या दारापासून रस्त्यावर रांग येते. आत पार्किंग रिकामं असतं तरीही. असं का? (एक वाचक, खराडी)

अडतं ते पार्किंगच्या दारावरच्या दांड्यापाशी. तिकीट घेऊन दांडा उठायला एका गाडीला १२ सेकंद धरले तर एका रांगेतून तासाला ३०० गाड्याच आत जातात. ५०० आल्या तर तासाभराने २०० बाहेर. गाडीमागे ६ मीटर धरले तरी सव्वा किलोमीटरच्या जवळपास रांग.

उपाय म्हणजे दांडा रस्त्याच्या कडेला न ठेवता रॅम्पच्या खाली, खोल आत नेणं. मग रांग मॉलच्याच जागेत उभी राहते. गर्दीच्या वेळी बाहेर जायची एक लेन उलटी करून आत घेणं, आणि पार्किंगचे पैसे आत जाताना नव्हे तर बाहेर पडण्याआधी लिफ्टजवळच्या खिडकीवर चुकते करणं, यांनीही फरक पडतो. विमाननगरला जाणाऱ्यांना मार्च २०२४ पासून रामवाडीपर्यंत मेट्रोही आहे. शनिवारी तिथून रिक्षा केली तर गाडी घेऊन निघालेल्यापेक्षा आधी पोचाल.