वाचकांचे प्रश्न : लेझरवर फोटो कोरताना

प्रश्न : आजोबांचा जुना फोटो फणसाच्या फळीवर लेझरने कोरायचा आहे. इंकस्केप या चित्रे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रेस केला (म्हणजे फोटोचे रेषा-आकार करून घेतले) की गालांवर काळे डाग येतात, मिशा-भुवया तर करपूनच जातात. काय चुकते?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : मेहनत ट्रेसिंगच्या आधी फोटोवर घ्या. पार्श्वभूमी पांढरी करा, रंग काढा आणि लेव्हल्स (फोटोतला उजेड-अंधार कमी-जास्त करायची सोय) वापरून कपाळ-गाल जवळजवळ पांढरे होईपर्यंत उजळवा. डोळे, ओठ मात्र गडदच हवेत. माणूस ओळखू येतो तो त्यांच्यामुळे. उरलेले ठिपके ट्रेसिंगमधले 'स्पेकल्स' (बारीक ठिपके गाळायचा पर्याय) वाढवून जातात, पण फार वाढवले तर डोळ्यांतली चमकही पुसली जाते.

करपण्याचे कारण बहुधा ट्रेसिंगमधल्या 'स्टॅक' (थर एकावर एक रचणे) या पर्यायापुढची खूण. ३-४ करड्या छटा काढताना ती असली की थर एकमेकांवर बसतात, आणि गडद जागा लेझर दोन-तीनदा जाळतो. खूण काढा, छटेगणिक पॉवर वेगळी द्या. सर्वांत फिकट थर सरळ पुसा. तिथे कोरे लाकूडच शोभते. लेझरचा ठिपका ०.१ मिमी असेल तर ०.२ मिमीहून बारीक रेषा ठेवू नका.

आपल्याकडे पावसात फळी ओल धरते आणि जळण एकसारखे होत नाही. म्हणून फळी नीट सुकवून, आधी तिच्याच तुकड्यावर चाचणी घ्या.