एका माध्यमात मन ठरत नाही, म्हणजे चिकाटी नाही का?

हौस म्हणून कलेकडे वळलेल्या माणसांकडून एक तक्रार मी हमखास ऐकते. जलरंग झाले, क्रोशे झालं, मातीकाम झालं, आता लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याचे छाप काढणं) खुणावतोय, घरात अर्धवट वस्तूंचा ढीग आणि मनात एकच प्रश्न, "माझ्यात चिकाटीच नाही का हो?" प्रश्न साधा वाटतो. पण त्यापायी माणसं हातातलं सुख टाकून देतात, म्हणून त्यावर सविस्तर लिहावंसं वाटतं. खालचा अनुभव ज्यांचा आहे त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशी ओलांडलेल्या या बाई हिशेबाचं काम करतात. समुपदेशनासाठी माझ्याकडे आल्या त्या झोप लागत नाही म्हणून. कलेचा विषय सहज निघाला. नवीन रंग, सुया, कोरायची हत्यारं त्या कपाटात चादरींच्या मागे लपवून ठेवत होत्या. का? तर नवरा हसत विचारायचा, "आता हे किती दिवस?" त्याच्या बोलण्यात विखार नव्हता. पण हा प्रश्न त्या स्वतःलाच रोज विचारत होत्या, तोही न हसता. "मॅडम, मी धरसोड आहे. लहानपणापासून घरचे तेच म्हणायचे," त्या म्हणाल्या.

अशा वेळी "नाही हो, तुम्ही बहुगुणी आहात" असं म्हणणं सोपं असतं, पण मी ते टाळते. समोरच्याला ते खरं वाटत नाही, आणि कधी कधी ते खरं नसतंही. मी त्यांना एवढंच सांगितलं की किती माध्यमं झाली ते राहू द्या, प्रत्येकाचा शेवटचा दिवस आठवा. शेवटचं हातात घेतलं तेव्हा नेमकं काय झालं होतं?

पुढच्या भेटीला त्या वही भरून आल्या.

क्रोशे त्या शिकल्या भाचीच्या बाळासाठी एक पांघरूण विणायला. ते विणून झालं, दिलं, संपलं. याला सोडणं म्हणतच नाहीत. मातीकाम सुटलं कारण शिकवणाऱ्यांचा वर्ग बंद झाला. मातीच्या भांड्याला पहिल्या भाजणीतच साधारण 1000 अंश सेल्सियसची भट्टी लागते. स्वयंपाकघरातला ओव्हन तिथवर पोहोचत नाही आणि नुसतं वाळलेलं भांडं पाण्यात विरघळतं. त्यात यांच्या स्वभावाचा दोष कुठे आला?

लिनोकटचं दुखणं वेगळं होतं. तो त्यांचा जीव की प्राण. अक्षरं उलटी कोरायची, रोलरने शाई चढवायची, कागद सोलून काढताना चित्र सुलटं समोर यायचं. हे सांगताना त्यांचे हात हवेत फिरत होते. ऑफिसात चार जणांना कार्डं दिली, तेव्हा सगळे म्हणाले, "ऑर्डर घ्या की!" त्यांनी घेतल्या. रविवारी रात्री उशिरापर्यंत एकाच ठोकळ्याचे छाप काढत बसल्या, आणि त्यानंतर रोलरला हात लावावासाच वाटेना.

इथे मानसशास्त्रातला एक जुना प्रयोग आठवतो. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी 1973 मध्ये तो प्रसिद्ध केला. ज्या मुलांना मार्करने चित्रं काढायला मुळातच आवडत होतं, त्यांतल्या काहींना आधी सांगून बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळात याच मुलांनी इतरांपेक्षा कमी वेळ चित्रं काढली. बक्षिसाच्या बोलीवर काम सुरू झालं की मूळची गोडी कमी होऊ शकते. कलेतून पैसा मिळवणं वाईट नाही, अनेकांचं घर त्यावर चालतं. पण हौसेचं प्रत्येक काम विकलं गेलंच पाहिजे हा भोवतालचा आग्रह मला खरोखर अन्यायाचा वाटतो.

राहिले जलरंग, आणि तिथे मात्र पळ काढलेला होता. त्यांच्याच शब्दांत, "रंग चिखल झाला की मी कागद फाडायची." जलरंगात पांढरा रंग सहसा कागदाचाच असतो. फिक्याकडून गडदाकडे जायचं आणि उजेड जिथे हवा ती जागा आधी ठरवून कोरी सोडायची. ओलसर थरावर पुन्हा ब्रश फिरवला की डाग पसरतात, चार रंग एकत्र घुसळले की मळकट होतात. त्यांना थर वाळेपर्यंत थांबवत नव्हतं. आणि त्या तुलना करत होत्या थेट व्हिडिओतल्या मुरलेल्या हाताशी.

म्हणजे चार वेळा सोडलं आणि कारणं चार निघाली. त्यांनी मात्र सगळ्यांवर मिळून एकच शिक्का मारला होता, आणि झोप त्या शिक्क्यामुळे उडाली होती.

मी त्यांना सुचवलं की जलरंगांकडे एकदा परत जा, पण लहान कागद, एकच रंग आणि त्याच्या तीन छटा, एवढंच. काही आठवड्यांनी त्या आल्या त्या घाईने पिशवी उघडतच. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर एकाच तपकिरी रंगात खिडकी रंगवली होती. काचेवरचा उजेड कोरा सोडलेला, कडा स्वच्छ. "लिनोत जे कोरून काढते ते पांढरं राहतं ना? म्हणून आधी पांढरं कुठे ते ठरवायची सवय लागली होती. इथे तेच केलं." हे त्यांचं त्यांना सापडलं होतं. लिनो सोडल्यावरही डोळ्याला लागलेलं वळण सुटलं नव्हतं.

मोठ्या कलाकारांतही हे दिसतं. ॲनी अल्बर्स 1922 मध्ये जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत गेल्या आणि विणकामात नावारूपाला आल्या. साठच्या दशकात त्या मुद्राचित्रणाकडे, म्हणजे छापून काढायच्या चित्रांकडे वळल्या, मग माग जवळजवळ सोडलाच. पण त्यांच्या छापांत धाग्याच्या गाठी आणि गुंते येत राहिले. आपल्याकडचे चित्रकार के. जी. सुब्रमण्यन यांनी चित्रं, भित्तिचित्रं, मातीची उठावशिल्पं, खेळणी, काचेवरची चित्रं असं सगळं हाताळलं.

एक सावधगिरी सांगायलाच हवी. धरसोड फक्त कलेत नसून नोकरी, नाती, पैसा सगळीकडे असेल, किंवा काही दिवस झोपेची गरजच वाटत नाही, बेसुमार खरेदी होते आणि मग एकदम मन खचतं असं चक्र असेल, तर ते हौसेच्या खात्यात टाकू नका. मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. या बाईंचं तसं नव्हतं. ऑफिसचं काम त्या वर्षानुवर्षं चोख करत आल्या आहेत.

नवऱ्याशी त्या स्वतः बोलल्या. "किती दिवस ते विचारू नकोस, काय चाललंय ते विचार," एवढंच म्हणाल्या. सामान आता चादरींमागे नाही, खिडकीशेजारच्या टेबलावर असतं. ऑर्डरींना त्या नाही म्हणतात. सुरुवातीला त्यांना ते फार जड गेलं. लिनो मध्येच निघतो, मध्येच पडून राहतो.

सध्या त्यांना वह्या बांधायला शिकायचं आहे. सामानाची खरेदी म्हणजे काम सुरू झालं, असा भास फार लवकर होतो, म्हणून आम्ही मिळून ठरवलं की नव्या माध्यमाला सुरुवातीला कमीत कमी साधनं घ्यायची. त्यांनी एक टोचा, एक सुई आणि मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं एवढंच घेतलं आहे. कागद ऑफिसातले पाठकोरे.