डोंगरवाटांची सवय असलेल्या माणसाने नदीकाठाने खाडीच्या मुखापर्यंत चालताना कोणती वेगळी तयारी करावी?

आपण विचारले आहे की, एका संरक्षित नदीच्या काठाने निघून ती समुद्राला मिळते तिथपर्यंत, म्हणजे खाडीच्या मुखापर्यंत, तीन दिवसांत चालत जायचे आहे. डोंगरात भटकण्याची सवय आहे, पण खाडीकाठी कधी चाललेलो नाही, तेव्हा तयारीत नेमका काय फरक करावा. माझ्या मते सर्वांत मोठा फरक आखणीच्या दिशेत आहे. चालायचे वरून खाली असले, तरी आखणी मुखाकडून वर करावी. शेवटच्या दिवशी ओहोटी किती वाजता आहे हे आधी पाहावे, त्या वेळी खाडीतला सखल टप्पा ओलांडता येईल अशा बेताने आदल्या रात्रीच्या मुक्कामाची जागा ठरवावी, आणि त्यावरून पहिल्या दिवशी कधी निघायचे ते ठरवावे. डोंगरात तासभर उशीर झाला तर आपण अंधारात चालतो, वाट मात्र जागेवर असते. खाडीत तेवढ्याच उशिराने वाट पाण्याखाली गेलेली असते.

हे अतिशयोक्तीचे वाटू नये म्हणून दोन प्रसिद्ध वाटांची उदाहरणे देतो. न्यूझीलंडमधील एबल टास्मन राष्ट्रीय उद्यानातली किनारवाट सुमारे ६० किलोमीटरची आहे आणि एरवी ती सोपी मानली जाते. पण तिच्यावरील आवारोआ ही खाडी ओहोटीच्या दीड तास आधीपासून ओहोटीनंतर दोन तासांपर्यंतच पायी ओलांडता येते, आणि भरतीच्या वेळी वापरता येईल असा वळसा तिथे नाही. दक्षिण आफ्रिकेतील त्सित्सिकामा किनाऱ्यावरच्या ऑटर ट्रेलवर चौथ्या दिवशी सुमारे १० किलोमीटर चालून गेल्यावर ब्लाऊक्रान्स नदीचे मुख आडवे येते. ओहोटी सकाळी लवकर असेल तर ती गाठण्यासाठी लोक पहाटेच्या काळोखात मुक्काम सोडतात, आणि सामान पाण्यात भिजू नये म्हणून ते जलरोधक पिशव्यांत बांधून नेतात. दोन्हीकडे चालणाऱ्याचा वेग आणि दम दुय्यम ठरतो.

भरती-ओहोटीचे गणित समजून घेण्यात अर्धा दिवस घालवावा, असा माझा आग्रह आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे तीच भरती दुसऱ्या दिवशी सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. तिथीच्या पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा आपल्याकडचा जुना ठोकताळा याच उशिरावर उभा आहे. मात्र पौर्णिमा-अमावास्येची भरती जिथे बाराच्या सुमारास येते तिथेच तो लागू पडतो, इतरत्र त्या जागेचे भरतीचे कोष्टक पाहण्याला पर्याय नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाणाची भरती असते आणि तेव्हा ओहोटीही खोल जाते, तर अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असून पाण्याचा चढ-उतार कमी असतो. खाडी ओलांडण्यासाठी उधाणाच्या दिवसांतली खोल ओहोटी सोयीची वाटते खरी, पण त्या दिवसांत पाणी परतते तेही अधिक जोराने.

पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, हा मुद्दा तर फारच थोड्यांच्या लक्षात येतो. ओहोटीपासून भरतीपर्यंतचे साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक असा हिशेब दर्यावर्दी करतात. चढ ३.६ मीटर असेल तर पहिल्या तासात पाणी फक्त ३० सेंटिमीटर वाढते आणि माणूस निर्धास्त होतो. तिसऱ्या तासात मात्र ते ९० सेंटिमीटर वाढते, म्हणजे अर्ध्या तासात गुडघ्याइतके. पहिल्या तासाच्या संथपणावर विसंबून कोणीही उरलेल्या वेळेचा अंदाज बांधू नये.

मी स्वतः फसलो तो याच्याही पुढच्या एका बारकाव्यामुळे. कोष्टकातली वेळ मुखाशी लागू होती आणि मी मुखापासून बराच आत, वरच्या बाजूला होतो. ठरल्या वेळी उताराच्या जागी पोहोचलो तेव्हा पाणी अजून उतरतच होते, कारण भरती-ओहोटी खाडीत आत शिरता शिरता उशिरा पोहोचते. दीड तास थांबून मी पलीकडे गेलो आणि आता पुष्कळ वेळ हाताशी आहे असे समजून चिखलावर चरणारे पक्षी पाहत उभा राहिलो. उथळ खाड्यांमध्ये पाणी उतरायला जास्त आणि चढायला कमी वेळ लागतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. समोरचा चिखल कोरडाच दिसत होता, पण माझ्या मागे, मी आणि पक्का काठ यांच्या मधल्या ओहोळात, पाणी भरून आले होते. भरती समोरून लाटेसारखी येईल अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात ती आधी असल्या ओहोळांतून शिरते आणि उंचवट्यावरच्या माणसाला मागून घेरते. मी कमरेइतक्या पाण्यातून बाहेर आलो. त्या दिवसापासून खाडीत थांबायचे झाल्यास मी पक्का काठ माझ्या बाजूला आहे ना, मध्ये एखादा ओहोळ नाही ना, हे आधी पाहतो.

पावसाचाही विचार कोष्टकात नसतो. वरच्या खोऱ्यात जोराचा पाऊस झाला की नदीचा लोंढा आणि भरती यांची गाठ खाडीत पडते. शिवाय हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने घटला की समुद्राची पातळी साधारण एक सेंटिमीटर वाढते, आणि किनाऱ्याकडे वाहणारा वारा त्यात भर घालतो. वादळी हवेत पायी खाडी ओलांडूच नये.

चिखलाबद्दल थोडे सविस्तर लिहितो. नदी आपल्याबरोबर चिकणमातीचे अतिसूक्ष्म कण आणते. गोड्या पाण्यात ते एकमेकांपासून दूर तरंगत राहतात, पण खाऱ्या पाण्याशी गाठ पडताच एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि तळाशी बसतात. म्हणूनच वर गोट्यांची आणि वाळूची असलेली नदी खाडीत येताच गाळाची होते. हा गाळ वरून घट्ट दिसतो आणि आत लोण्यासारखा असतो. पाय रुतलाच तर जोर लावून उपसू नये, कारण तेवढ्याच जोराने दुसरा पाय आत जातो. पाठीवरचे ओझे काढावे, मागे रेलून किंवा बसून अंगाचा भार पसरावा, पाय हळूहळू हलवत त्याभोवती पाणी शिरू द्यावे, आणि बाहेर आल्यावर ज्या वाटेने आलो त्याच वाटेने सरपटत परतावे. खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या अशा दलदलीत, एकट्याने उतरू नये, हे वेगळे सांगायला नको.

आता संरक्षित क्षेत्राविषयी. काही वाटा मध्येच काठ सोडून आत वळतात किंवा वर्षातले काही महिने बंद असतात, आणि पुष्कळांना ते अन्यायाचे वाटते. अमेरिकेत १९६८ साली निसर्गरम्य व मुक्तवाहिनी नद्यांच्या रक्षणाचा कायदा झाला, तेव्हा पहिल्या आठ नद्यांमध्ये ओरेगन राज्यातली ‘रोग’ (Rogue) ही नदी होती. त्या कायद्याने पाण्यासोबत दोन्ही काठांचा पट्टाही संरक्षणात घेतला, कारण काठावरची झाडी गेली की माती सुटते, पाणी तापते आणि मासे राहत नाहीत. रोगच्या काठाने सुमारे ६४ किलोमीटरची पायवाट आजही आहे. तेव्हा संरक्षण म्हणजे माणसाला बंदी, असे नव्हे.

खाडीत हा प्रश्न अधिक नाजूक होतो. पाणथळ पक्ष्यांना अन्न मिळते ते ओहोटीने उघडे पडलेल्या चिखलात, आणि भरतीच्या वेळी ते उरलेल्या थोड्याशा उंच जागेवर दाटीने विसावतात. २०२२ साली उपग्रह-टॅग लावलेला, जेमतेम पाच महिन्यांचा एक पट्टेरी शेपटीचा गॉडविट हा पाणथळ पक्षी अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर, ११ दिवस, एकदाही न उतरता उडत गेला. अशा प्रवासाची शिदोरी खाडीच्या चिखलात साठवली जाते. माणूस जवळ गेला की थवा उडतो आणि साठवलेली चरबी तिथेच खर्च होते. पक्षी पाहण्याची उत्तम वेळ भरतीच्या आधीचे दोन तास ही आहे, कारण पाणी त्यांना काठाकडे ढकलत आणते. पण तेव्हा त्यांना सरकायला दुसरी जागा नसते, म्हणून दुर्बिणीतून, वाटेवरूनच पाहावे. त्यांनी माना वर करून चरणे थांबवले, तर आपण जास्त जवळ आलो आहोत असे समजून मागे फिरावे.

वरच्या नदीकाठाबद्दल फारसे सांगण्याची गरज नाही, तिथे आपला डोंगरातला अनुभव पुरेल. पिण्याचे पाणी मात्र भरतीचे पाणी जिथपर्यंत पोहोचते त्या जागेच्या बरेच वर भरून शुद्ध करून घ्यावे, कारण साध्या गाळणीने किंवा उकळण्याने खारटपणा जात नाही. शेवटच्या मुक्कामासाठी तंबू ठोकताना काठावर वाळक्या गवताची आणि काटक्यांची जी रेघ दिसते, ती मागच्या भरतीची मर्यादा आहे हे ओळखावे. पौर्णिमा किंवा अमावास्या जवळ येत असेल तर त्या रात्रीचे पाणी ती रेघ ओलांडेल असे धरून आणखी वर, पक्क्या जमिनीवर जागा निवडावी.