‘मी करलं’ म्हणणारी नात

प्रश्न : माझी नात सव्वातीन वर्षांची आहे. ‘मी केलं’ऐवजी ‘मी करलं’ म्हणते. घरात असं कोणीच बोलत नाही. मुलाच्या मोबाईलवरचं एआय मात्र शुद्ध मराठी बोलतं. नातीला रोज त्याच्याशी बोलायला बसवू का?
– एक आजी, मुलुंड

उत्तर : आजी, घरात कोणी म्हणत नाही, मग ‘करलं’ तिने आणलं कुठून? ‘बसलं, पडलं, हसलं’ ऐकून नियम तिचा तिनेच काढला आणि ‘कर’ला लावला. लालबागच्या बालवाडीत मी 31 वर्षं काढली. असं ‘करलं’ कानावर पडलं की मला अजून भरून येतं.

एआय शुद्ध बोलतं ते अफाट मजकुराच्या जोरावर. 2020 साली आलेल्या जीपीटी-3 या एआयला सुमारे 30 हजार कोटी शब्दतुकडे भरवले होते. मूल 13 वर्षांचं होईपर्यंत फार तर 10 कोटी शब्द ऐकतं. मग न्यूयॉर्कच्या संशोधकांनी संगणकाला मुलाइतकंच थोडकं देऊन पाहिलं. एका बाळाच्या डोक्यावरच्या छोट्या कॅमेऱ्याने टिपलेलं 61 तासांचं चित्रण आणि त्यातलं बोलणं, बस्स. तेवढ्यावर तो ‘चेंडू’सारखे बरेच शब्द वस्तूंशी जोडायला शिकला, असं त्यांनी 2024 साली मांडलं. मला त्यात मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच : बाळाने मान वळवली तेव्हा कॅमेरा वळला. काय बघायचं ते बाळाने ठरवलं होतं.

माझ्या वर्गातला एक साडेतीन वर्षांचा मुलगा बादलीत खडे टाकत होता. मग बाटलीचं बूच टाकलं. ते तरंगलं. बोटाने दाबलं, वर आलं. मुठीत धरून कोपरापर्यंत हात बुडवला, मूठ उघडली; बूच टुणकन वर! मग पायातली चप्पल टाकली. मग दुसरी. डबा खायची वेळ झाली तरी उठेना. चप्पल टाकून बघ, असं त्याला कोणीही सांगितलं नव्हतं.

म्हणून मोबाईलसमोर बसवू नका, बादली द्या आणि जवळ बसा. ‘करलं’वरून रागावू नका, पुन्हा म्हणायलाही लावू नका. ‘हो? तू केलंस?’ एवढंच म्हणा आणि पुढचं ऐका. ‘सांगितलं’ला ती काय म्हणते तेही मला कळवा. माझी मुलं ‘सांगलं’ म्हणायची.